काजऱ्याची फळी

परवा-परवापर्यंत माझी एक उघड पैज होती. फ्लाव्हियाला एका जागी स्वस्थ बसलेली कोणी पाहिली असेल, तर त्याने माझ्या खाणावळीत यावं आणि सुरमईचं ताट जेवून जावं. पैज मी बेधडक लावली होती, कारण आमच्या दोन घरांच्या मध्ये दगड रचून केलेला कमरेएवढा गडगा आहे, आणि ती लग्न होऊन या वाडीत आली तेव्हापासून मी तिला त्या गडग्यावरून बघत आलो आहे. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती खुर्चीवर बसली नव्हती. पांढरा झगा एका हाताने सावरून दुसऱ्या हाताने मांडवाचा खांब चाचपत होती, हे लाकूड कसलं म्हणून.

ती बांद्याच्या सुताराची मुलगी. बाप चर्चची बाकं करायचा, दारं-खिडक्या करायचा, आणि गावात कोणी गेलं की पेटी करायचा. आई लवकर गेली, त्यामुळे ही पोर लाकडाच्या भुशातच वाढली. लाकूड ओळखायचं कसं, हे बापाने तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. "पयलो नाक, मगे जीब, मगे करवत," असं तो म्हणायचा. म्हणजे लाकूड हातात आलं की आधी हुंगायचं, मग त्याला जीभ लावायची, आणि ते काय आहे ते कळलं की मगच कापायचं. साग तेलकट लागतो, फणस तुरट आणि किंचित गोडसर, शिवण म्हणजे नुसतं पाणी. हे सगळं तिनेच मला सांगितलं. मी काही चाटून बघितलेलं नाही. माणसाने काय काय तोंडात घालावं याला काही मर्यादा आहे.

नवरा मिळाला तो लुईस मास्तर. प्राथमिक शाळेत जन्म काढला, आता निवृत्त आहे. हिच्या अगदी उलट माणूस. बाहेर वादळाने माड वाकले तरी तो वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, नीट घडी घालून, मगच खिडकी लावायला उठेल. त्याच्या तोंडून तक्रार म्हणून मी कधी ऐकली नाही. कालवणात मीठ नसलं तर म्हणेल, आज मासे ताजे होते. एकदा माझ्याकडे जेवायला आला असताना शेवंतीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिखल्यात, म्हणजे माशांच्या झणझणीत कालवणात, चुकून दोनदा मिरची घातली. हा घाम पुसत पुसत ताट साफ करून गेला आणि वर छान झालंय म्हणाला. अशा माणसाचं कौतुक करावं की त्याला गदागदा हलवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर अशा शांत घरात ही भिंगरी. तिने काय काय करून बघितलं! कोंबड्या पाळल्या, त्या कंटाळून आमच्या अंगणात राहायला आल्या. मेणबत्त्या केल्या, त्या मे महिन्यात माना टाकून बसल्या. शिवणकाम केलं, लोणची केली, अँथुरियमच्या कुंड्या लावल्या. प्रत्येक वेळी सुरुवात धडाक्यात, आणि मग एके दिवशी सगळं तसंच टाकून ही दुसरीकडे. तिच्या मागे सांडलवंड आवरत लुईस. मुलं, नेव्हिल आणि मेल्विना, नोकरीसाठी गोव्याला गेल्यावर तर तिला घर खायला उठलं. सकाळी उठून ती घरातल्या घरात इतकी फिरायची की शेवंती म्हणायची, या बाईच्या तळपायाला कोणीतरी खाजकुयली लावली आहे.

फळ्या सुरू झाल्या त्या चर्चमुळे. तिथे जुनी बाकं काढून नवी घातली, आणि त्यातलं एक मोडकं बाक तिच्या बापाच्या हातचं निघालं. ते तिने फादरकडून मागून आणलं, मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपीत, नेलं, आणि त्याच्या पाठीच्या फळीतून मासे वाढायची एक लांबट फळी केली. कडा गोल केल्या, धरायला मूठ ठेवली, एका बाजूने रस गळू नये म्हणून पटाशीने बारीक पन्हळ कोरली, आणि काचपेपरने ती इतकी घासली की हात लावल्यावर साबण वाटावा. ती फळी आमच्या खाणावळीत आली. पुण्याच्या पाहुण्यांनी तिच्यावरच्या तळलेल्या बांगड्याचे इतके फोटो काढले की बांगडे थंड झाले. तेव्हापासून फ्लाव्हिया फळ्या करते. पर्यटक त्यांना बोर्ड म्हणतात, आम्ही फळी म्हणतो, शेवंती पाट म्हणते.

इथे तिचं मन रमलं, असं लिहिणार होतो, पण रमणं तिच्या स्वभावातच नाही. रोज नवं खूळ. एसटीने फोंडाघाटाला जायचं, तिथून गिरणीत कापून उरलेले लाकडाचे तुकडे गोणीत भरून आणायचे, कंडक्टरशी भांडायचं. कधी माशाच्या आकाराची फळी, कधी पिंपळपानाची. एक पुरी होते न होते तोवर दुसरीला हात. उजाडायच्या आत ती मांगरात शिरायची, ती जेवायलाच बाहेर. सकाळची कॉफी तिथूनच येऊन ढवळून ठेवायची आणि परत जायची. लुईस आपला न्याहारी एकटा करायचा. गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत दुखलं तेव्हापासून गोळ्या सुरू होत्या, आणि डॉक्टरांनी सकाळी फळ खायला सांगितलं होतं. तो स्वतःच पपई कापायचा, स्वतःच खायचा, आणि काथ्याने फळी घासून जागेवर ठेवायचा. शाळेत फळा पुसायची सवय, ती इकडे चालू.

आता गेल्या नाताळाची गोष्ट. आमच्या वाडीत एक रीत आहे. नाताळात त्यांच्याकडून आमच्याकडे नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं असं भरलेलं ताट येतं. चतुर्थीला, दिवाळीला, जत्रेला आमच्याकडून त्यांच्याकडे जातं. आणि आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही. रिकामं ताट परत गेलं तर समजावं की गडगा वाढवायची वेळ आली. म्हणून ताट महिना-महिना आपल्याकडे राहतं, काहीतरी गोडधोड होईपर्यंत. कधी कधी एका घरचं ताट तिसऱ्याच घरी जाऊन पोचतं, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

त्या नाताळात फ्लाव्हियाच्या डोक्यात एकदम दोन खुळं शिरली. एक म्हणजे ताटाऐवजी प्रत्येक घरी फळीवरून फराळ पाठवायचा. दुसरं म्हणजे फळ्यांना रंग यावा म्हणून सगळ्या कोकमाच्या आगळात, म्हणजे आंबट रसात, बुडवून ठेवायच्या. रंग खरोखरच सुंदर आला, लालसर, जुन्या दरवाजासारखा. फणसाची कोणती, शिवणीची कोणती, काही ओळखू येईना. फराळ देताना ती फळी ठेवून घ्या म्हणून सांगत होती, पण असं सांगितलेलं आमच्याकडे कोणी ऐकत नाही. वस्तू दुसऱ्याची ती दुसऱ्याची.

नाताळ दोन दिवसांवर आला आणि एक फळी कमी पडली. लाकूड संपलेलं. मांगराच्या माळ्यावर लुईसच्या वडिलांची जुनी खाट मोडून ठेवलेली होती. लुईस त्या खाटेवरच जन्मला. तिची उशाकडची फळी अजून खणखणीत होती, ती हिने काढली, कापली आणि आगळात टाकली. हुंगली नाही, जीभ लावली नाही. घरचंच लाकूड, त्याला काय चाटायचं, असं तिला वाटलं. त्या दिवशी संध्याकाळी तिचं तोंड कडूजहर झालं होतं. तिने ते पित्तावर ढकललं आणि कोकमाचं सरबत पिऊन झोपली.

ईस्टरच्या आधीच्या उपासांचे दिवस सुरू झाले, आणि लुईसची म्हातारी आत्या, जिला सगळी वाडी तिया क्लेमेंटिना म्हणते, एके दुपारी भेटायला आली. तियाची नजर म्हणजे घारीची. मांगरात शिरली, माळ्याकडे बघितलं, आणि खाटेची उशाकडची फळी कुठे आहे असं विचारलं. फ्लाव्हियाने मोठ्या कौतुकाने सांगितलं की त्याची फळी करून नाताळात कोणाच्या तरी घरी दिली. लुईस तेव्हा आत झोपला होता. तिया मटकन खाली बसली.

"सगळी खाट फणसाची गो," ती म्हणाली. "ती एक फळी काजऱ्याची. ढेकूण लागूचे नाय म्हणान माज्या पपान मागाहून बसयल्यान."

काजरा म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रानात दिसायला देखणं झाड, नारिंगी फळं, कडूजहर लाकूड, आणि बीमध्ये विष. फ्लाव्हियाच्या लहानपणी बांद्याला कोणीतरी पिसाळलेल्या कुत्र्याला काजरा घातला होता. ते कुत्रं कसं ताठ होऊन मेलं, हे तिने कुंपणातून पाहिलं होतं. ती मला म्हणाली, तियाचं बोलणं संपायच्या आधीच ते कुत्रं माझ्या डोळ्यांपुढे आलं.

ती तशीच गडगा ओलांडून आमच्याकडे आली. फाटकातून नाही, गडग्यावरून. माझ्याकडे कोल्हापूरची मंडळी जेवत होती. तिने त्यांच्या पुढ्यातली फळी उचलली, वरचे कोळंबीचे तुकडे ताटात लोटले, फळी नळाखाली धुतली आणि मागच्या बाजूने चाटली. ते बिचारे घास हातात धरून बघत राहिले. मी चिडलो. ही काय पद्धत, असं ओरडणारच होतो, पण तेवढ्यात तिचं तोंड दिसलं. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"आमट," ती म्हणाली, म्हणजे आंबट. "ही न्हय." आणि मग तिने मला सगळं सांगितलं.

मी मालवणातल्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बी वेगळी आणि लाकूड वेगळं, लगेच हातपाय गाळू नका. पण कोणी त्या फळीवर रोज खात असेल तर काहीच होणार नाही अशी खात्री मी देणार नाही. शोधा आणि वापरातून काढा. वाडीत म्हातारी माणसं आहेत, रांगती पोरं आहेत. फ्लाव्हिया एवढंच म्हणाली, "भाई, स्कूटर काढ. आनी लुईसाक कळता नये. तेचा काळीज बरां नाय. कळलां तर तो जीव टाकीत."

झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत सबंध वाडीला कळलं, एका लुईसला सोडून. आमच्या वाडीत एरवी कोणाच्या पोटात दोन तास गोष्ट राहत नाही, पण मास्तरांसाठी सगळ्यांनी दातखीळ बसवून घेतली. लोकांनी आपापल्या फळ्या धुऊन पायरीवर आणून ठेवल्या. कोणी चाटून बघायला मात्र तयार नव्हतं. ते काम फ्लाव्हियाचं. तिचं म्हणणं, चूक माझ्या जिभेची, तर शोधही माझ्याच जिभेने.

मी स्कूटर चालवतो आणि मागे ही बाई. मागे स्वस्थ बसेल तर शपथ. वळण आलं की माझ्या खांद्यावर हात आपटायची, लवकर घे म्हणून. दारात उतरायची, फळी घ्यायची, तोंड वेडंवाकडं करून चाटायची, मान हलवायची, की पुढे. लोक चहा विचारायचे, ती उभ्यानेच नको म्हणायची. फादरांच्या स्वयंपाकघरातली फळी आंबट निघाली. शिवा, जो पर्यटकांना होडीतून फिरवतो, त्याने आपली फळी काजूगर घालून तळेऱ्याला बहिणीकडे पोचवली होती. फ्लाव्हिया पहाटेच्या एसटीने तळेऱ्याला गेली, बहिणीच्या पडवीत उभ्या उभ्या फळी चाटली आणि त्याच गाडीच्या परतीच्या फेरीने आली. तीही आंबट.

वाडीच्या टोकाला राहणाऱ्या मंगेशच्या घरी तर पंचाईत झाली. मंगेशच्या आईला त्या फळीचा रंग इतका आवडला होता की तिने ती देव्हाऱ्यात ठेवून वर गणपती बसवला होता. आता देवाखालचा पाट, आणि तो चाटायला आलेली ख्रिश्चन बाई. मी दारातच घुटमळलो. फ्लाव्हिया पण पहिल्यांदाच जरा थबकली आणि म्हणाली, ऱ्हवांदे, देव काय खावचो नाय. पण मंगेशच्या आईने ऐकलं नाही. तिने देवाला हात जोडले, आमच्या पोरीला माफ कर म्हणाली, गणपती उचलून मांडीवर घेतला आणि फळी पुढे केली. आंबट होती. म्हातारीने ती पुसून देवाला परत बसवलं आणि आमच्या दोघांच्या हातावर साखर ठेवली. बाहेर आल्यावर फ्लाव्हिया पदराआड रडली. मी तिकडे बघितलं नाही.

एकेक फळी बाद होत गेली, तसतशी तिची तगमग वाढत गेली. खरं तर कमी व्हायला हवी होती. मांगरात ती करवत हातात घेऊन उभी राहायची आणि काहीच कापायची नाही. जेवताना दोन घास खाऊन उठायची. दिसेल त्या पोराला जवळ बोलावून पोट दुखतं का विचारायची, आणि पोरं शाळा चुकवायला मिळेल म्हणून खुशाल हो म्हणायची. त्यामुळे ती आणखी हवालदिल. शेवंती म्हणाली, काजरा कोणाला बाधो न बाधो, या बाईला बाधला.

शेवटी एकच फळी उरली. ती प्रेमलताची.

प्रेमलता आमच्याकडे मासे विकते. नवरा बाळा होडीवर जातो. पण घराला कुलूप होतं. त्यांची मुलगी प्रियांका देवगडला दिलेली, ती बाळंत झाली म्हणून दोघं तिकडे गेली होती. प्रेमलता बाळंतिणीसाठी काय काय सामान बांधून घेऊन गेली, असं शेजारणीने सांगितलं. त्यात पाट होता का, फळी होती का? तिला आठवेना. फोन लावला तर लागेना.

फ्लाव्हियाने ते कुलूप दोनदा ओढून बघितलं. "बाळंतीण आसा ती," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "भाजी तेच्यार कापतली. पेज थंयच ठेवतली. तां चेडू दूद पाजता, भाई." मी तिला समजावत होतो, पण माझ्या शब्दांवर माझाच विश्वास नव्हता. देवगडला आत्ताच जाऊ म्हणाली. मी म्हटलं स्कूटरवर एवढं लांब नको, मी गाडी बघतो. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. ती रस्त्याला लागलीसुद्धा, चालत. देवगडला चालत! मी मागून स्कूटर रेटली, तोच माझा फोन वाजला. प्रेमलता होती.

मी फोन फ्लाव्हियाच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला. फ्लाव्हियाने धापा टाकत विचारलं, नाताळातली फळी कुठे आहे. पलीकडे तान्ह्या मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. प्रेमलताला प्रश्नच कळेना.

"ती फळी कधीच तुमच्याकडे दिलंय मा," ती म्हणाली. "जत्रेचे खटखटे लाडू घालून. रिकामी कशी देव? मास्तरांकडे दिलंय. तू मांगरात खरखर करी होतंस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण त्या वेळी मला ती म्हण सुचली नाही. फ्लाव्हिया माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. दोघांच्याही मनात एकच आलं. सकाळची वेळ होती, लुईसच्या पपईची.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. लुईसला आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी उलटसुलट तपासला, आणि मास्तर धडधाकट निघाला. पण घराकडे येताना आम्हाला हे कुठे माहीत होतं? ती स्कूटर थांबायच्या आत उतरली आणि पडता पडता वाचली. मी मागोमाग आत गेलो.

लुईस स्वयंपाकघरात मेजाशी बसला होता. डाव्या हाताला वर्तमानपत्र, उजवीकडे कॉफीचा पेला, आणि पुढ्यात फळी. तिचा लालसर रंग रोजच्या धुण्याने उतरला होता आणि खालचं फिकट, राखाडी लाकूड उघडं पडलं होतं. त्यावर पपईच्या फोडी नीट ओळीत मांडलेल्या. त्याने एक फोड तोंडात टाकलेलीच होती. फ्लाव्हियाने फळी खसकन ओढली. फोडी मेजभर पसरल्या. तिने जीभ लावली, आणि तिचा चेहरा असा पिळवटला की मला विचारायची गरज पडली नाही.

मी काही बोलायच्या आत तिने त्याला विचारलं, "कडू लागना नाय तुका?"

लुईस गोंधळून म्हणाला, "लागता मा."

"कदीपासून?"

"बरेच दिस झाले. पयलां थोडां लागायचां, आता मात्सां जास्त." त्याने तोंडातली फोड गिळली. तेवढ्यातही गिळली! "माका वाटला, गोळ्यांनी आसात. म्हटलां माज्याच तोंडाची चव गेली."

"माका सांगलंस कित्याक नाय?"

लुईसने वर्तमानपत्राचा कोपरा सरळ केला. "तू आदीच रातभर निजना नाय," तो म्हणाला. "तेच्यात आणखी एक कित्याक घालू?"

मला वाटलं आता ही ओरडणार. मी तरी ओरडलो असतो. रोज सकाळी कडू खाल्लंस, रे शहाण्या, आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस? आणि ही गावभर दारोदार जीभ लावत फिरली, घरातलं सोडून? मला दोघांचाही मनापासून राग आला होता. पण फ्लाव्हिया ओरडली नाही. तिने फळी माझ्या हातात दिली, जणू मी खुंटी आहे. मग समोरची खुर्ची ओढली.

आणि बसली.

नीट, पाठ टेकून बसली. हात मेजावर ठेवले. तिच्या नखांत लाकडाचा भुसा होता. तिने मेजावर पडलेल्या फोडी एकेक करून बशीत गोळा केल्या आणि लुईसच्या हाताला लागणार नाहीत अशा दूर सारल्या.

"आनी काय काय कडू लागता, तां सांग," ती म्हणाली.

लुईसने वर्तमानपत्र घडी केलं. पूर्ण वाचून झालेलं नव्हतं तरी केलं.

"कॉफी," तो म्हणाला. "नाताळापासून साखर घालूक इसारतंस."

फ्लाव्हियाने पेला उचलून एक घोट घेतला. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. उठली मात्र नाही. "आनी?" तिने विचारलं.

लुईस सांगायला लागला. हळूहळू, वर्गात हजेरी घ्यावी तसा. मी ते ऐकायला थांबलो नाही. माझं तिथे काही काम नव्हतं. फळी काखोटीला मारून मी गडग्यावरून घरी आलो. ती आमच्या कोठीच्या दारामागे उलटी टांगली आहे, आणि शेवंतीने तिच्यावर कोळशाने मोठी फुली मारली आहे. तिया म्हणते पुन्हा खाटेला लावा, ढेकूण तरी जातील.

डॉक्टरांकडून आल्यावर दुपारी मी सुरमईचं ताट मास्तरांकडे पाठवलं. पैज म्हणजे पैज, आणि तिला बसलेली त्याने माझ्याही आधी पाहिली होती. संध्याकाळी ताट परत आलं. त्यात पपईच्या फोडी होत्या, आणि त्या गोड होत्या.